अडीचशे पौंडांची नोकरी: जोसेफ प्रीस्टलीच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

घसघशीत पगाराची ऑफर आली की सल्ले देणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. दुसरा म्हणतो, पैशाच्या मागे लागून ध्येय सोडू नये. दोघांनीही ऑफरचा कागद वाचलेला नसतो. म्हणून इथे सल्ला बाजूला ठेवून एकच प्रकरण अथपासून इतिपर्यंत बघू. ते जुनं आहे, १७७२ सालचं, आणि जुनं मुद्दाम निवडलं आहे. ऑफर हातात घेऊन बसलेल्या माणसाला पुढची वर्षं दिसत नाहीत. या प्रकरणात मात्र ऑफर, अटी, निर्णय, नोकरीतली वर्षं, नोकरी सुटणं आणि त्यानंतरचं आयुष्य असं सगळं समोर आहे. शिवाय संबंधित माणसाने आपल्या आठवणींत आकड्यांसह लिहून ठेवलंय.

माणूस आणि मिळकत

जोसेफ प्रीस्टली तेव्हा ३९ वर्षांचा होता. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मिल हिल चॅपल नावाचं प्रार्थनास्थळ होतं, तिथे तो १७६७ पासून धर्मोपदेशक होता. पगार वर्षाला १०० गिनी, म्हणजे १०५ पौंड, शिवाय राहायला घर. बायको मेरी आणि तीन मुलं. हा पगार वाईट नव्हता. सुरुवातीच्या काळात एका लहान गावात त्याच पेशात त्याला वर्षाला ३० पौंडांच्या आसपासच मिळत, त्या मानाने बरी प्रगती होती. पण लीड्समधल्या मिळकतीत घरखर्च पुरता भागत नव्हता आणि आपल्यामागे बायकोमुलांसाठी काही ठेवण्याची सोयच नव्हती. हे दुसरं दुःख मोठं. त्याला आपण पुढे परत येऊ.

मिळकतीचे दुसरे रस्तेही बंदच होते. प्रीस्टली अँग्लिकन चर्चच्या बाहेरच्या पंथांतला. अशा माणसाला ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे, त्यामुळे विद्यापीठातली जागा मिळण्याचाही प्रश्न नव्हता. त्या आधीच्या वर्षी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सागरी मोहिमेवर खगोलशास्त्रज्ञ म्हणून जाण्याबद्दल त्याला विचारणा झाली होती. अटी चांगल्या होत्या आणि तो तयार झाला होता. त्याच्या गैरहजेरीत बदली माणूस नेमायलाही लीड्सची मंडळी, म्हणजे चॅपलला येणारे लोक, राजी झाली होती. मग त्याच्या धर्ममतांवर आक्षेप आला आणि ते बारगळलं. पुस्तकांतून पैसे उभे करायचा प्रयत्नही फसला होता. प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचा त्याचा मोठा ग्रंथ १७७२ मध्ये निघाला, पण खप इतका निराशाजनक होता की विज्ञानाच्या सगळ्या शाखांचा इतिहास लिहायची योजना त्याने गुंडाळून ठेवली.

म्हणजे ऑफर आली तेव्हा हा माणूस उपाशी नव्हता आणि निवांतही नव्हता. बहुतेक ऑफर याच अवस्थेत येतात.

त्याला करायचं काय होतं?

इथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं. आज आपण प्रीस्टलीला रसायनशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, त्यामुळे त्याचं दूरचं ध्येय विज्ञान होतं असं गृहीत धरायचा मोह होतो. त्याला विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. तो स्वतःला आधी धर्मोपदेशक मानत असे. धर्मावर लिहिणं, मंडळीला शिकवणं हे त्याच्या लेखी मुख्य काम होतं आणि प्रयोगांचं स्थान त्यानंतरचं.

तरीही प्रयोग नुसता छंद नव्हता. १७६७ मध्ये त्याचा विजेच्या संशोधनाचा इतिहास प्रसिद्ध झाला होता, त्याच्या निमित्ताने बेंजामिन फ्रँकलिनशी मैत्री झाली होती आणि त्याआधीच तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला होता. लीड्समधलं पहिलं घर बिअर बनवण्याच्या कारखान्याशेजारी होतं. तिथल्या आंबवणाच्या हौदांवर तरंगणाऱ्या वायूवर, म्हणजे आज आपण ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो त्याच्यावर, त्याने प्रयोग सुरू केले. त्यातूनच तो वायू पाण्यात मिसळायची रीत निघाली. सोडावॉटरची ही कृती त्याने १७७२ मध्ये छापून मोकळी केली, स्वतः त्यातून एक पैसा कमावला नाही. पुढे याकोब श्वेप नावाच्या माणसाने त्याचा धंदा उभारला, ते नाव आजही बाटल्यांवर दिसतं. पैशाचं महत्त्व कळत असूनही पैसा कुठून येतो इकडे ज्याचं लक्ष नाही, असा हा माणूस.

त्याला लीड्समध्ये एक गोष्ट मात्र मिळत नव्हती: सोबत. प्रयोगांत खरा रस घेणारा एकच माणूस तिथे होता, 'हे' (Hey) आडनावाचा एक शल्यचिकित्सक. गंमत म्हणजे हा गृहस्थ मेथडिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाचा कट्टर अनुयायी होता आणि प्रीस्टलीच्या धर्मविषयक पुस्तिकांना छापील उत्तरं देत असे. प्रयोगांवर दोघांच्या गप्पा तरीही मोकळ्या चालत.

तर ध्येयं दोन होती. धर्मोपदेशाचं व्यासपीठ एक, प्रयोगशाळा दुसरी. कोणत्याही ऑफरचा दोन्हींवर सारखाच परिणाम होईल, असं मानायला काही आधार नव्हता. 'पैसा की ध्येय' असा प्रश्न मांडणारे इथेच पहिली चूक करतात. माणसाची ध्येयं बहुधा दोन-तीन असतात आणि ती एकमेकांशीही भांडत असतात.

ऑफर

लॉर्ड शेलबर्न हा बडा उमराव आणि राजकारणी, पुढे १७८२ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्याची पत्नी १७७१ च्या सुरुवातीला वारली होती. घरी मुलं होती, ग्रंथसंग्रह होता, कागदपत्रांचा ढीग होता आणि बोलायला विद्वान माणूस हवा होता. रिचर्ड प्राइस या दोघांच्या मित्राने प्रीस्टलीचं नाव सुचवलं.

पद नावापुरतं ग्रंथपालाचं. पगार वर्षाला २५० पौंड, म्हणजे लीड्सच्या जवळजवळ अडीचपट. शेलबर्नच्या बोवूड या इस्टेटीजवळ काल्न गावात राहायला घर. हिवाळ्याचा बराच काळ लॉर्डसाहेबांबरोबर लंडनला. आणि शेवटचं कलम: लॉर्ड वारले किंवा दोघं वेगळे झाले, तर प्रीस्टलीला तहहयात वर्षासन. ही रक्कम १५० पौंड होती.

आकडे नीट बघा. नोकरी गेल्यावर मिळणारी रक्कम लीड्सच्या चालू पगारापेक्षा ४५ पौंडांनी जास्त.

फ्रँकलिनचा अर्धा कागद

प्रीस्टलीने काय करावं म्हणून फ्रँकलिनला विचारलं. १९ सप्टेंबर १७७२ ला लंडनहून आलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. फायद्या-तोट्याच्या दोन रकान्यांची पद्धत जगभर ज्या पत्रामुळे फ्रँकलिनच्या नावावर जमा झाली, ते हेच. गंमत अशी की ते पत्र एका पगारदार नोकरीच्या ऑफरवर लिहिलं होतं, हे फारसं कोणाच्या ध्यानात राहिलेलं नाही.

फ्रँकलिनने आधीच सांगून टाकलं की पुरेशी माहिती नसल्याने काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. त्याचं निदान अचूक होतं. असे प्रश्न अवघड वाटतात, कारण बाजूची आणि विरोधातली कारणं एकाच वेळी डोळ्यांसमोर नसतात. आज एक गट दिसतो, उद्या दुसरा, आणि मन त्याप्रमाणे हेलकावे खातं. उपाय असा: अर्धा ताव घ्या, मधे रेघ ओढा, तीन-चार दिवस जसजशी सुचतील तशी दोन्ही बाजूंची कारणं टिपा. मग वजन करा. दोन्हीकडची समान वजनाची दोन कारणं खोडा. एका बाजूचं एक कारण दुसऱ्या बाजूच्या दोघांइतकं जड असेल तर तिन्ही खोडा. शेवटी ज्या रकान्यात काही उरेल तिकडे कौल. आणखी एक-दोन दिवसांत नवं, महत्त्वाचं काही सुचलं नाही तर निर्णय करून टाका. बीजगणिताइतकी अचूकता इथे नाही हे त्यानेच कबूल केलं, तरी घाईचं पाऊल पडायची शक्यता कमी होते हा त्याचा अनुभव.

प्रीस्टलीच्या जागी बसून मी हा कागद भरून पाहिला. मांडणी माझी, तथ्यं वर दिलेलीच.

डावीकडे, घ्यावी म्हणून: पगार अडीचपट. तहहयात वर्षासन. आठवड्याचे बरेच तास मोकळे, कारण रविवारच्या प्रवचनांची तयारी नाही, मंडळीतल्या लग्नकार्य-मयतीची धावपळ नाही. हिवाळ्यात लंडन, म्हणजे रॉयल सोसायटी, फ्रँकलिन, प्राइस. हाताशी मोठा ग्रंथसंग्रह. परदेश प्रवासाची शक्यता.

उजवीकडे, घेऊ नये म्हणून: व्यासपीठ जाणार. एका माणसाच्या मर्जीवर जगणं. तो माणूस राजकारणी, म्हणजे आपली वादग्रस्त मतं त्याला अडचणीची ठरणार. कामाचं स्वरूप पातळ: ग्रंथपाल म्हणजे नक्की काय आणि उद्या आणखी काय काय गळ्यात येईल? घरदार हलवायचं. हिवाळाभर कुटुंबापासून लांब. आणि लीड्समध्ये तो सुखी होता, लोकही त्याच्यावर खूश होते. हे शेवटचं कारण कोणत्याही ऑफरच्या वेळी हलकं धरलं जातं, कारण सुखाला पगारपत्रकात ओळ नसते.

आता खोडाखोड. घर हलवण्याचा त्रास लंडनच्या सोबतीसमोर खोडता येतो. हिवाळ्यातला दुरावा पगारवाढीच्या एका भागासमोर जातो. ग्रंथसंग्रह आणि प्रवास मिळून लीड्सच्या सुखाशी बरोबरी करतात म्हणू या, जरी मला ते थोडं ओढूनताणून वाटतं. उरतात जड कारणं. डावीकडे वर्षासन आणि मोकळा वेळ. उजवीकडे व्यासपीठ, मालकाची मर्जी आणि मतस्वातंत्र्य.

आणि इथे पद्धत अडते. फ्रँकलिनचा तराजू असं मानून चालतो की रकान्यात लिहिलेली कारणं घट्ट आहेत. प्रत्यक्षात नोकरीच्या ऑफरमधली निम्मी कारणं घट्ट नसतातच, ती अटी असतात. 'मालकाची मर्जी फिरली तर?' ही भीती म्हणून लिहिली तर तिचं वजन प्रचंड. तीच 'मर्जी फिरली तर १५० पौंड तहहयात' अशी लिहिली की वजन जवळपास शून्य. वजन करण्याआधी उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायला हवा: हे बोलून बदलता येईल का? बदलता येत असेल तर ते अजून वजनाला ठेवायचं नाही.

माझ्या मते हे प्रकरण त्या एका कलमावर फिरलं. अडीचशेचा आकडा डोळ्यांत भरतो, पण निर्णयाचं खरं रूप दीडशेच्या आकड्याने बदललं. वर्षासन नसतं तर प्रीस्टली एका उमरावाचा आश्रित झाला असता, लीड्सची जागा भरली गेली असती आणि पन्नाशीला तो रस्त्यावर येऊ शकला असता. वर्षासनामुळे हा निर्णय मोठा जुगार न राहता परतीची वाट असलेला प्रयोग झाला. शिवाय बायकोमुलांची जी तरतूद लीड्समध्ये होतच नव्हती, तिचा निम्मा प्रश्न सुटला. निम्माच, कारण तहहयात म्हणजे त्याच्या हयातीपुरतं. बाकीची बचत वाढीव पगारातून करायची होती.

त्याने होकार दिला आणि १७७३ मध्ये कुटुंब काल्नला हललं.

नोकरीतली वर्षं

ग्रंथपालाचं काम थोडकं निघालं: पुस्तकं लावणं, त्यांची आणि हस्तलिखितांची यादी करणं, खासगी कागदपत्रांची सूची बनवणं. मुलांच्या शिक्षणावर लक्ष होतं. बाकी तो लॉर्डचा मित्र म्हणूनच वावरला. प्रयोगांसाठी वर्षाला ४० पौंड वेगळे मिळत. त्याबदल्यात घरी पाहुणे आले, विशेषतः परदेशी, की प्रीस्टलीने त्यांना प्रयोग करून दाखवावेत अशी शेलबर्नची हौस. मला हे वाचून हसू येतं. आजही कंपनीत एखादा हुशार माणूस असला की बाहेरचे लोक आले रे आले, त्याला डेमोला उभं करतात.

१ ऑगस्ट १७७४ ला बोवूडमध्ये त्याने बारा इंच व्यासाच्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याच्या लाल भस्मावर धरले. निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळाली. तो ऑक्सिजन होता. त्याच वर्षी शेलबर्नबरोबर फ्लँडर्स, हॉलंड, जर्मनी करत तो महिनाभर पॅरिसला राहिला आणि तिथे लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ही हकीकत त्याने स्वतः सांगितली. पुढे लाव्हाझिएने त्यावर नवं रसायनशास्त्र उभं केलं. प्रीस्टली मात्र, जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य बाहेर पडतं, या जुन्या सिद्धांतालाच शेवटपर्यंत धरून राहिला. वेगवेगळ्या वायूंवरच्या त्याच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १७७४ चा, शेलबर्नला अर्पण केलेला.

इथवर वाचून कोणी म्हणेल, झालं की, निर्णय बरोबर ठरला. थांबा.

१७७७ मध्ये प्रीस्टलीने जड पदार्थ आणि आत्मा यांवरचं पुस्तक छापायला घेतलं. माणसात शरीरापासून वेगळा असा आत्मा नाही, हे त्यातलं म्हणणं. वादळ उठणार हे उघड होतं आणि त्याचा चिखल लॉर्डवर उडणार हेही. शेलबर्न स्वतः काही बोलला नाही. त्याच्या मित्रांनी मात्र प्रीस्टलीला पुस्तक मागे घेण्यासाठी परोपरीने समजावलं. प्रीस्टलीने ऐकलं नाही आणि पुस्तक निघालं. उजव्या रकान्यातली 'मतस्वातंत्र्य' ही ओळ पाच वर्षांनी प्रत्यक्षात उतरली ती अशी: बंदी नाही, हुकूम नाही, भोवतालच्या माणसांकडून आलेला सौम्य दबाव फक्त. बड्या पगाराच्या नोकरीत ध्येयाला धक्का लागतो तो बहुतेक वेळा याच वाटेने, आणि ऑफरच्या कागदावर तो कधीच दिसत नाही.

पुढे शेलबर्नच्या वागण्यात नाराजी जाणवू लागली. कारण काय, हे आपल्याला कधी कळलं नाही असं प्रीस्टली लिहितो. मग प्राइसच्या तोंडून निरोप आला की लॉर्डची आयर्लंडमध्ये मोठी मालमत्ता आहे, तिथे प्रीस्टलीची सोय लावून द्यावी असं त्यांच्या मनात आहे. अशा निरोपाचा अर्थ कुठल्याही काळात एकच. १७८० मध्ये दोघं वेगळे झाले. भांडण नाही, आरोप नाहीत. लंडनला आल्यावर प्रीस्टलीने भेटायची तयारी दाखवली, तीही शेलबर्नने नाकारली. वर्षासन मात्र ठरल्याप्रमाणे येत राहिलं.

मर्जी फिरली होती, तीही कारण न सांगता. कलमाची किंमत तेव्हा कळली.

हिशेब कसा मांडायचा

प्रीस्टली तिथून बर्मिंगहॅमला गेला. मेव्हणा जॉन विल्किन्सन तिकडचा बडा लोखंड कारखानदार, त्याने घराची सोय केली. न्यू मीटिंग नावाच्या प्रार्थनास्थळात तो पुन्हा धर्मोपदेशक झाला, पण या वेळी अट घालून: प्रवचन आणि शिकवणं रविवारी, आठवड्याचे बाकीचे दिवस लेखन आणि प्रयोगांना मोकळे. जेम्स वॅट, मॅथ्यू बोल्टन, जोसायाह वेजवुड, इरॅस्मस डार्विन यांच्या लुनार सोसायटी नावाच्या विज्ञानप्रेमी मंडळात त्याला ती सोबत मिळाली जी लीड्समध्ये एका शल्यचिकित्सकापुरती होती. बर्मिंगहॅमला येणं ही आपल्या आयुष्यातली सर्वांत सुखाची घटना, असं त्याने लिहून ठेवलं.

म्हणजे त्याची दोन्ही ध्येयं एकत्र नांदली ती पगाराच्या नोकरीत नाही, नोकरी संपल्यावर. आणि ती नांदू शकली त्याला एक मोठं कारण दरवर्षी येणारे १५० पौंड. रविवारपुरतंच काम स्वीकारतो असं सांगायची ऐपत त्या रकमेने दिली.

ऑक्सिजन या हिशेबात कुठे बसतो? मी तो बाहेर ठेवतो. १७७२ च्या कोणत्याही रकान्यात तो नव्हता. लीड्समध्येही प्रीस्टलीचे वायूंवरचे प्रयोग जोरात चालू होते, तिथेही त्याला मोठं भिंग मिळालं असतं तर तो सापडला नसता असं छातीठोकपणे सांगता येत नाही. निकाल चांगला लागला की निर्णय शहाणपणाचा वाटतो, वाईट लागला की तोच निर्णय मूर्खपणाचा. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी १९८८ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं: निर्णय आणि माहिती तीच ठेवून फक्त शेवट बदलला, तरी लोक निर्णय घेणाऱ्याची अक्कल वेगळी मोजतात. ओळखीतल्या कोणी बड्या पगाराची नोकरी धरली आणि त्याचं भलं झालं, किंवा वाटोळं झालं, याचा दाखला म्हणूनच फारसा कामाचा नसतो. त्याच्या अटी काय होत्या, हे विचारलेलं बरं.

व्यासपीठाचं नुकसान मात्र खरं होतं आणि ते हिशेबात धरायलाच हवं. ज्या कामाला तो मुख्य मानत होता त्यापासून सात वर्षं दूर. मंडळी नाही, नेमाने शिकवणं नाही. लिखाण चालू राहिलं हीच भरपाई.

आजच्या कागदावर

हे प्रकरण जसंच्या तसं आज लागू करता येणार नाही. प्रीस्टलीचं नाव ऑफरच्या आधीच झालेलं होतं, त्यामुळे मागणीला वजन होतं. तहहयात वर्षासन आज कोणी देत नाही. पण त्या कलमाचं काम करणाऱ्या किंवा नेमकं उलटं काम करणाऱ्या गोष्टी आजच्या ऑफर लेटरमध्ये असतात आणि त्या बहुधा पगाराच्या पानानंतर येतात.

उलटं काम करणाऱ्या आधी. ठरावीक मुदतीआधी सोडलं तर जॉइनिंग बोनस परत. बॉण्ड. लांबलचक नोटिस पिरियड. स्पर्धक कंपनीत जायला बंदी. शेअर्स देऊ केलेले असतात, पण चार वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि पहिलं वर्ष भरेपर्यंत हातात काहीच नाही, अशी रचना तर सर्रास दिसते. यांतली प्रत्येक गोष्ट बाहेर पडण्याची किंमत वाढवते. पगाराचा आकडा त्या किमतीसकट वाचला तर कधीकधी बराच रोडावतो.

दुसरी, जिच्याकडे दूरचं ध्येय असलेल्यांनी सगळ्यात आधी बघावं: तुमच्या वेळात तुम्ही केलेलं काम कोणाचं? अनेक करारांत नोकरीच्या काळात केलेला शोध, लिहिलेला कोड, तयार केलेली रचना कंपनीच्या मालकीची असं कलम असतं, आणि काहींत ते इतकं सैल शब्दांत असतं की रात्री घरी बसून केलेलंही त्यात ओढता येईल. प्रीस्टलीचे शोध आणि ग्रंथ त्याच्याच नावावर राहिले. काही छापण्याआधी कंपनीची परवानगी लागते का, बाहेर शिकवता येतं का, हेही लेखी विचारून घ्यावं. तोंडी 'त्याचं काही नाही हो' असं सांगणारा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या विभागात गेलेला असतो.

तिसरा मुद्दा कागदाबाहेरचा, आणि जरा कडू. ऑफर आली तेव्हा प्रीस्टलीचे प्रयोग चालू होते. १०५ पौंडांत, तीन मुलांच्या घरात, कारखान्याच्या शेजारच्या फुकटच्या वायूपासून सुरू झालेले. काल्नमधल्या मोकळ्या वेळाचं सोनं झालं ते याच्यामुळे. ज्याचं ध्येय 'एकदा हे झालं की सुरू करीन' या वर्गात आहे, त्याला मोकळा वेळ मिळाला तरी तो दुसऱ्या कशाने तरी भरतो, आणि बड्या पगाराच्या नोकरीत तर तो भरायला लोक टपलेलेच असतात. गेल्या वर्षभरात त्या ध्येयासाठी प्रत्यक्षात किती तास गेले ते मोजा. आकडा नगण्य असेल तर तराजूत एका बाजूला पगार आणि दुसऱ्या बाजूला नुसती कल्पना आहे. अशा वेळी पगार घेणं यात मला काही चूक दिसत नाही. ध्येयासाठी ऑफर नाकारली आणि नंतर ध्येयासाठीही काही केलं नाही, अशी माणसं या प्रकरणापेक्षा जास्त अभ्यास करण्यासारखी आहेत, पण ती आठवणी लिहीत नाहीत.

दुसरी ऑफर

प्रीस्टली बर्मिंगहॅमला स्थिरावल्यावर काही वर्षांनी शेलबर्नने एका सामाईक मित्राला मुद्दाम त्याच्याकडे पाठवलं. शेलबर्नचा जवळचा सल्लागार डनिंग वारला होता, दुसरा सहकारी कर्नल बारे जवळजवळ आंधळा झाला होता, विश्वासाचं माणूस उरलं नव्हतं. परत या, असा निरोप होता, त्यात कौतुकही भरपूर.

मालक तोच, बोलावलेला माणूसही तोच. या वेळी प्रीस्टलीने नकार दिला. काही मदत लागली तर जरूर करीन, पण इथली जागा कोणत्याही कारणाने सोडणार नाही, असं कळवलं.

मी तोच कागद पुन्हा भरून पाहिला. डावीकडचा पगार तेवढाच धरला तरी त्याच्याखाली लिहायला फारसं काही राहत नाही. वर्षासन आधीच चालू आहे. मोकळे दिवस बर्मिंगहॅममध्येच आहेत. लंडनची सोबत आता लुनार सोसायटीच्या सोबतीपेक्षा जड नाही. उजवीकडे व्यासपीठ आहे, आणि मर्जी कशी फिरते याचा पहिल्या ऑफरच्या वेळी नव्हता तो अनुभव आहे. खोडाखोड करायला बसलो तर एकाच बैठकीत आटोपते.